मुठीत मावणारा प्रेस

अण्णांनी सेल हातात घेतला, तळहातावर जोखून पाहिला आणि विचारलं, "किती टनी?"

त्यांचं बरोबरच होतं. भोसरीत एकतीस वर्षं त्यांनी हीट ट्रीटमेंटचं युनिट चालवलं. शेजारच्या गाळ्यात अडीचशे टनी हायड्रॉलिक प्रेस होता. तो खाली आला की आमच्या टेबलावरच्या चहात वलयं उठायची. लेक पीएचडीला 'हाय प्रेशर' करते म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे त्याच प्रेसचा थोरला भाऊ उभा असणार, दुमजली, खड्डा खणून बसवलेला. आणि मी पिशवीतून काढलं काय, तर कटिंग चहाच्या ग्लासाएवढं पोलादी नळकांडं आणि त्याला चार ॲलन स्क्रू.

हा सेल, म्हणजे कणभर वस्तूवर प्रचंड दाब आणायची डबी, आता निवृत्त आहे. आतले हिरे काढून घेतलेत, एका स्क्रूचे आटे गेलेत, म्हणून प्रयोगशाळा सोडताना सरांनी तो मला देऊन टाकला.

"टनात नाही अण्णा, किलोत सांगते. बहात्तर किलो."

"बहात्तर किलो तर तुझी आई आहे."

"अडुसष्ट," स्वयंपाकघरातून आवाज आला.

ते वजन कशावर ठेवता यावर सगळं आहे. सेलमध्ये दोन हिरे टोकाला टोक भिडवून समोरासमोर बसवतात. टोक घासून सपाट केलेलं असतं. माझ्या हिऱ्यांचं सपाट टोक 300 मायक्रॉन व्यासाचं होतं, म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. क्षेत्रफळ येतं 0.07 चौरस मिलिमीटर. तेवढ्या जागेवर बहात्तर किलो टेकवले की 10 गिगापास्कल होतात, साधारण एक लाख वातावरणांचा दाब. अण्णांनी जुन्या डिलिव्हरी चलनाच्या पाठीवर पेन्सिलीने गणित स्वतः करून पाहिलं. मग शेजारच्या प्रेसचंही केलं: अडीचशे टन, दहा सेंटिमीटर व्यासाच्या जॉबवर, म्हणजे कामाला घेतलेल्या तुकड्यावर. उत्तर आलं तीन हजार वातावरणं. ते त्यांनी दोनदा तपासलं, आणि दुसऱ्यांदाही तेच आल्यावर सेलकडे जरा आदराने बघितलं.

अशी डबी पहिल्यांदा झाली 1958 मध्ये. त्याआधी दाबाच्या प्रांतात हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमन यांचं राज्य होतं. 1946 चं पदार्थविज्ञानाचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. त्यांची मोठी युक्ती होती सीलची: आतला दाब जितका वाढेल तितकं सील आणखी घट्ट बसेल. ज्यांच्या घरी आतून लागणाऱ्या झाकणाचा कुकर आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको, वाफ धरली की ते झाकण काही केल्या निघत नाही. पण ब्रिजमन यांची यंत्रं जाड पोलादी होती. आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नसे, आकारमान आणि विजेचा रोध मोजून अंदाज बांधायचा. मग अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये वीअर, व्हॅन व्हाल्केनबर्ग, लिपिंकॉट आणि बंटिंग या चौघांनी हिऱ्यांचा सेल केला. सुरुवातीचे हिरे तस्करांकडून जप्त केलेले, सरकारने दिलेले. हिरा कठीण तर आहेच, शिवाय पारदर्शक. प्रकाश जातो, लेसर जातो, क्ष-किरण जातात. दाबाखाली असलेली वस्तू सूक्ष्मदर्शकातून चक्क बघता येते.

त्याला डायमंड ॲन्व्हिल सेल म्हणतात. ॲन्व्हिल म्हणजे आपली ऐरण. लोहाराकडे ऐरण खाली आणि घण वरून. इथे दोन्ही बाजूंनी ऐरणीच, घणच नाही.

लोडिंगबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पीएचडीची निम्मी वर्षं त्यात गेली. दोन हिऱ्यांमध्ये पोलादी पत्र्याचा एक तुकडा ठेवतात, त्याला गॅस्केट म्हणायचं. आधी तो नुसताच हिऱ्यांमध्ये दाबून पाव मिलिमीटरचा पन्नास मायक्रॉन करायचा. मग त्या दबलेल्या खळग्याच्या बरोबर मधोमध 120 मायक्रॉनचं भोक पाडायचं. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज करा. ते भोक ही आपली प्रयोगशाळा. त्यात लोखंडाच्या वर्खाचा एक कण, माणकाचा एक कण आणि चार भाग मिथेनॉल, एक भाग इथेनॉल यांच्या मिश्रणाचा थेंब. थेंब अशासाठी, की दाब एका बाजूने न बसता चहूकडून सारखा बसावा.

लोखंडाचा कण उचलायला चिमटा चालत नाही, चिमट्याच्या टोकापुढे तो कण म्हणजे मुंगीपुढे मोहरी नव्हे, हत्तीपुढे मोहरी. मी पापणीचा गळलेला केस काडीला चिकटवून वापरायची. पंखा बंद. श्वास धरलेला. मुंबईचा मे महिना. कण भोकात पडला की मिश्रणाचा थेंब सोडायचा आणि तो उडून जायच्या आत सेल मिटायचा. उशीर झाला तर भोकात हवेचा बुडबुडा, की परत पहिल्यापासून. माझा पहिला सेल नीट मिटला तो तेराव्या खेपेला. त्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये दोन वडापाव खाल्ले आणि कुणाला काही सांगितलं नाही, कारण तिथे सगळ्यांना हे रोजचंच होतं.

माणकाचं काय काम? ते आपलं दाबमापक. लेसर टाकला की माणिक लाल उजळतं, 694.2 नॅनोमीटरवर. दाब वाढला की ती रेघ दर गिगापास्कलला साधारण 0.36 नॅनोमीटरने पुढे सरकते. 1970 च्या दशकापासून जगभर दाब असाच मोजतात. अण्णांना हे फार आवडलं. भट्टीचा रंग बघून तापमान सांगणाऱ्या माणसाला, माणकाचा रंग बघून दाब सांगता येतो यात नवल वाटलं नाही, उलट घरचंच वाटलं.

आमच्या प्रयोगशाळेत नव्या माणसाला पहिल्यांदा लोखंडच देत. उत्तर आधीच माहीत असलेलं बरं. 1956 मध्ये अमेरिकेतल्या लॉस ॲलॅमॉस प्रयोगशाळेच्या बॅनक्रॉफ्ट, पीटरसन आणि मिनशॉल यांनी स्फोटकांनी लोखंडात धक्क्याची लाट सोडली, तर पलीकडे अपेक्षेपेक्षा एक लाट जास्त निघाली. 13 गिगापास्कलच्या सुमारास लोखंड आत काहीतरी कूस बदलत होतं. नेमकं काय, ते पुढे काही वर्षांनी क्ष-किरणांनी दाखवलं.

ते समजायला फळवाल्याची हातगाडी पुरे. मोसंबी रचताना तो प्रत्येक मोसंबं खालच्या तिघांच्या मधल्या खळग्यात बसवतो. असं रचलं की प्रत्येक फळाला बारा शेजारी मिळतात आणि जागेचा 74 टक्के भाग भरतो, गोल वस्तू याहून दाट रचता येत नाहीत. अशी रचना दोन तऱ्हांनी होते. तिसरा थर पहिल्याच्या बरोबर डोक्यावर आला तर षटकोनी, आणि त्यालाही बाजूला सरकवून चौथा पहिल्यावर आला तर घनाकार, ज्याला धातूवाले एफसीसी म्हणतात. आता लोखंड बघा. आपल्या घरातला तवा, खिळा, कोयता यातलं लोखंड या दोन्हीतलं नाही. त्यात आठ कोपऱ्यांवर आठ अणू आणि मधोमध एक, म्हणजे बीसीसी. शेजारी आठच, जागा भरते 68 टक्के. फळवाल्याने अशी रचली तर गाडीवरची मोसंबी पहिल्या खड्ड्याला रस्त्यावर.

लोखंडातून गेलेले क्ष-किरण मागच्या इमेज प्लेटवर वलयं उमटवतात, प्रत्येक रचनेची वेगळी. बीसीसीचं पहिलं ठळक वलय मला दिसत होतं. स्क्रूला पाव फेरा, माणिक बघा, क्ष-किरण लावा, काही तास थांबा. आमचं यंत्र साधं होतं, इंदूरच्या इंडस-2 सारख्या, प्रखर क्ष-किरण देणाऱ्या सिंक्रोट्रॉनवर जे मिनिटांत होतं त्याला इथे रात्र जाते. अकरा गिगापास्कल झाले, बारा झाले, वलय तेच. साडेतेराच्या प्लेटवर जुन्या वलयाच्या आत एक आणि बाहेर एक अशी फिकट वलयं उगवली होती. पंधराला जुनं फिकट, नवी ठळक. सतराला जुनं नाहीसं. अणू सरकून षटकोनी रचनेत बसले होते आणि लोखंडाचं आकारमान साधारण पाच टक्क्यांनी घटलं होतं. तापवलं नाही, वितळवलं नाही, खोलीच्या तापमानाला, घनच्या घन.

अण्णांनी इथे मला अडवलं. "बारा शेजारी जास्त दाट, तर लोखंड मुळात आठवर का राहतं?"

मला हा प्रश्न पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी पडला होता, त्यांना दहा मिनिटांत पडला. उत्तर आहे चुंबकत्व. लोखंडाच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन आपापली दिशा एकमेकांशी जुळवून घेतात, त्यात ऊर्जेची जी बचत होते ती बीसीसी रचनेच्या पथ्यावर पडते. आवर्तसारणीत लोखंडाच्या खाली बघितलं तर रुथेनियम आणि ऑस्मियम, दोघेही षटकोनी. घराण्याची रीत तीच. लोखंड एकटं चुंबकापायी वेगळं वागतं. दाबाने अणू जवळ आले की ते चुंबकत्व मरतं, आणि लोखंड घराण्याच्या रीतीवर परत येतं.

"चुंबक गेला की रचना जाते," अण्णा म्हणाले, "हे आम्हाला माहीत होतं. वेगळ्या दिशेने."

त्यांच्या युनिटमध्ये सळईला बांधलेला एक चुंबक असायचा. तापमान मोजणाऱ्या पायरोमीटरने दगा दिला की जॉबला तो लावून बघायचा. शुद्ध लोखंडाचं चुंबकत्व 770 अंशांना जातं आणि 912 अंशांना ते बीसीसी सोडून एफसीसी होतं. पोलादात कार्बन असल्याने हा बदल बराच खाली येतो, 727 पासूनच सुरू होतो. एफसीसीमधले खळगे मोठे, कार्बन त्यात दोन टक्क्यांपर्यंत मावतो. बीसीसीत मात्र एक टक्क्याचा पन्नासावा भाग मावला तरी पुष्कळ. हीट ट्रीटमेंटचा सगळा धंदा या फरकावर चालतो. तापवून कार्बन आत घ्यायचा आणि मग तेलात किंवा पाण्यात असा झपकन टाकायचा की त्याला बाहेर पडायला सवडच मिळू नये. अणू बीसीसी व्हायला जातात, मध्ये कार्बन अडकलेला, रचना एका बाजूने ताणली जाते. हेच ते कडक मार्टेनसाइट. लोहार याला पाणी देणं म्हणतात, आणि मला तो शब्द कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या शब्दापेक्षा बरा वाटतो.

पाणी दिलेला जॉब फुगतो. थोडाच, पण फुगतो. म्हणून ग्राइंडिंगला माल ठेवताना त्याचा हिशेब धरावा लागतो. एकदा ईएन 31 पोलादाच्या पिनांचा अख्खा लॉट खाचेच्या कोपऱ्यात तडकला होता. गिऱ्हाइकाने ड्रॉइंगमध्ये कोपरा चौकोनी ठेवला होता, त्रिज्याच दिली नव्हती. अण्णांनी आधी सांगितलं होतं, लेखी नव्हतं. पैसे गेले. त्या वेळी मी नववीत होते आणि त्या आठवड्यात घरात कुणी टीव्ही लावला नाही, एवढं मला आठवतंय. पीएचडीत मार्टेनसाइटचा धडा वाचताना पहिल्या ओळीलाच त्या पिना डोळ्यांपुढे आल्या.

नुकसानीवरून आठवलं, माझंही सांगून टाकते. नीट मिटलेल्या तिसऱ्या सेलमध्ये मी हिरा फोडला. गॅस्केटचं भोक हळूहळू लंबगोल होत एका कडेला सरकत होतं. सूक्ष्मदर्शकात ते स्पष्ट दिसत होतं आणि अशा वेळी थांबायचं असतं हे भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलंही होतं. मला 30 गिगापास्कल हवे होते, 26 झाले होते. अजून एक पाव फेरा. आवाज अगदी छोटा आला, नख मोडल्यासारखा. बघते तर आतलं सगळं काळं. हिरा घासायला सगळ्यांत कठीण, पण त्याला ठरावीक पातळ्यांवर चीर जाते, आणि दोन हिरे एकमेकांना कुठे टेकले की संपलं. सरांनी सेल उघडला, भिंगाखाली धरला, म्हणाले, "कडेला टेकले." बाकी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

"हिऱ्याचे पैसे कापले का?" अण्णांनी विचारलं. नाही. "मग आमच्यापेक्षा बरा धंदा."

आता उष्णता आणि दाब एकत्र लावले तर? उष्णता अणूंना हालचालीला जागा मागते, दाब जागा काढून घेतो. एफसीसी लोखंड बीसीसीपेक्षा दाट, म्हणून दाब वाढवला की 912 चा आकडा खाली सरकतो, दाबच भट्टीचं थोडं काम करतो. दुसरीकडून षटकोनी रचना पुढे येते. 8 ते 11 गिगापास्कल आणि 400 ते 500 अंशांच्या पट्ट्यात कुठेतरी तिन्ही रचनांच्या हद्दी एका बिंदूत भेटतात. नेमका बिंदू कुठे यावर मोजणाऱ्यांचं अजून एकमत नाही, अशा ठिकाणी दाब मोजणं हाच मोठा वादाचा विषय असतो. आणि उष्णतेच्या टोकाला, 1394 अंशांना, लोखंड पुन्हा बीसीसी होतं, वितळायच्या 1538 पर्यंत. आठवरून बारावर, बारावरून परत आठवर.

आणखी खाली उतरायचं तर पृथ्वीच्या पोटात जावं लागतं. 1936 मध्ये डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमन यांनी भूकंपलहरींच्या नोंदींवरून दाखवलं की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे. तो सुरू होतो सुमारे 5,150 किलोमीटर खोलीवर, आणि तो घन आहे. मुख्यतः लोखंड, थोडं निकेल, थोडी हलकी मूलद्रव्यं. हद्दीवर दाब 330 गिगापास्कल, केंद्रात साधारण 364. तापमान पाच-सहा हजार अंशांच्या घरात. आत जास्त गरम, तरी आतलं घन आणि बाहेरचं द्रव हे ऐकून कुणीही थबकतं, अण्णाही थबकले. पण दाबाने लोखंडाचा वितळणबिंदू तापमानापेक्षा वेगाने चढतो. म्हणून गाभा आतून बाहेर गोठत येतो आहे. दुधावर साय वर धरते, इथे तळाशी धरते म्हणा. जपानमध्ये केई हिरोसे यांच्या गटाने 2010 मध्ये हिऱ्यांच्या सेलमध्ये लेसरने तापवत 377 गिगापास्कल आणि 5,700 केल्विन गाठले, केंद्राच्याही पुढचा दाब. तिथेही लोखंड षटकोनीच सापडलं. शुद्ध लोखंड हं. खऱ्या गाभ्यातल्या भेसळीने काय होतं यावर भांडणं चालू आहेत आणि ती मिटावीत अशी माझी काही घाई नाही.

इथवर सगळं सुतासारखं सरळ: दाबा, दाट होईल, अजून दाबा, अजून दाट होईल. माझाही असाच समज होता. सोडियमने तो मोडला.

सोडियम म्हणजे सुरीने कापता येणारा चांदीच्या रंगाचा धातू, अकरावीच्या प्रात्यक्षिकात केरोसिनच्या बाटलीत बुडवून ठेवलेला. साधारण 98 अंशांना वितळतो. दाबाने वितळणबिंदू आधी चढतो, 30 गिगापास्कलला तो हजार केल्विनपर्यंत जातो. मग उतरायला लागतो, आणि 118 गिगापास्कलच्या आसपास खोलीच्या तापमानाला येऊन टेकतो. म्हणजे जवळपास बारा लाख वातावरणांखाली दाबलेला धातू मुंबईच्या उन्हाळ्यात वितळून बसेल. रचनाही 65 गिगापास्कलपर्यंत बीसीसी, मग एफसीसी, पण पुढे दाट होण्याऐवजी वेड्यावाकड्या, कमी शेजाऱ्यांच्या रचनांची रांग लागते. आणि 200 गिगापास्कलच्या सुमारास, 2009 मध्ये संशोधकांनी पाहिलं, सोडियम पारदर्शक होतो. पलीकडचं दिसतं. वीज वाहत नाही. धातूच राहत नाही.

अशा गर्दीला लोकलचं उदाहरण सगळेच देतात, आणि ते इथे चुकतं. लोकलमध्ये माणसं दाटतात, सगळी सारखीच. सोडियममध्ये दाटतात ते अणूंचे आतले गाभे. त्यांच्यातले घट्ट बांधलेले इलेक्ट्रॉन एकमेकांवर चढायला लागतात आणि बाहेरच्या, मोकळ्या भटकणाऱ्या इलेक्ट्रॉनला बसायला जागा उरत नाही. मग तो अणूंच्या मधल्या सांदीत जाऊन बसतो आणि तिथेच अडकतो. वीज वाहायला मोकळा इलेक्ट्रॉन लागतो, तोच सांदीत कोंडलेला. लग्नघरात पाहुण्यांनी खोल्या भरल्या की घरचा मुलगा माळ्यावर झोपतो, तसं काहीसं. माझ्या डोक्यातला 'दाब म्हणजे घट्टपणा' हा हिशेब त्या पेपरने गेला तो गेलाच.

अण्णांनी मात्र सोडियमला फार किंमत दिली नाही. त्यांना वेगळाच प्रश्न पडला होता. "स्क्रू सोडल्यावर तुझ्या लोखंडाचं काय झालं?"

परत बीसीसी. जरा रेंगाळत, जिथून गेलं त्यापेक्षा कमी दाबाला, पण गेलं परत. पृथ्वीच्या पोटातलं लोखंड वर आणता आलं तर तेही वाटेतच खिळ्याचं लोखंड होईल.

"मग जॉब कुठाय? आम्ही तापवायचो, पाणी द्यायचो, रॉकवेलवर कडकपणा तपासायचो, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचो. तुझा जॉब दाब असेपर्यंतच."

बिनतोड होतं. मी टायटॅनियम पुढे केलं. टायटॅनियम आणि झिर्कोनियम दाबाखाली ओमेगा नावाच्या रचनेत जातात, 1963 मध्ये जेमीसन यांनी ते दाखवलं, आणि दाब काढला तरी ती रचना तशीच राहते. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात यावर खूप काम झालं आहे. सिक्का, व्होरा आणि चिदंबरम यांचा ओमेगा अवस्थेवरचा 1982 चा मोठा आढावा आमच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स होऊन होऊन पुसट झाला होता. झिर्कोनियमच्या मिश्रधातूंच्या नळ्या अणुभट्टीत लागतात. म्हणजे जॉब हातात येतो, अण्णा.

"कडक होतो?"

"कडक, पण ठिसूळ."

"मग टेम्परिंग करा," म्हणाले, म्हणजे बेताने पुन्हा तापवून ठिसूळपणा काढा, आणि चहा घेतला. थोड्या वेळाने म्हणाले, "तू सांगितलंस ते सगळं खरं असेल. पण मला दिसेल असं काहीतरी दाखव."

दाब दाखवायला हिरे नव्हते. उष्णता दाखवता येत होती. दुसऱ्या रविवारी गच्चीवरच्या खोलीत दीड मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकल्या, सिरॅमिकचे इन्सुलेटर लावले, मध्ये पियानो वायर, म्हणजे पोलादी तार, ताणली. मधोमध एक नट लटकवला. अण्णांनी युनिट विकलं तेव्हा घरी आणलेला डिमरस्टॅट, म्हणजे विजेचा दाब कमीजास्त करायचं यंत्र, माळ्यावरून काढला. (उघड्या तारेतून करंट जातो, घरी करायला जाऊ नका. आम्ही दोघांनी आयुष्यभर याहून वाईट प्रकार केलेत.)

डिमरस्टॅट फिरवला तशी तार काळीची तांबूस झाली, मग लाल. तापून लांबत गेली, नट खाली खाली. अण्णांनी मागे स्टीलची पट्टी उभी धरली होती. तार चेरीसारखी लाल झाली, आणि तापवणं चालूच असताना नट वर उचलला गेला. बीसीसी मोडून एफसीसी होताना अणू दाटले, तार आखडली. मग परत लांबायला लागली.

"थांब," अण्णा म्हणाले. "बंद कर. पहिल्यापासून."

दुसऱ्या खेपेला त्यांनी पट्टी नीट धरली. अकरा मिलिमीटर. चलनाच्या पाठीवर, जुन्या गणिताच्या खाली, ते लिहून ठेवलं. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, आता उतरताना बघा, आणि दिवा घालवला. करंट तोडला. तार विझत चालली, लाल, काळपट लाल, जवळजवळ काळी. मग मधूनच ती आपोआप पुन्हा उजळली, कुणी फुंकर घातल्यासारखी, आणि नट खाली झुकला. परतणारे अणू उष्णता सोडत होते. 1873 मध्ये विल्यम बॅरेट यांनी हे उजळणं नोंदवलं, त्याला रिकॅलेसन्स असं नावही दिलं. अण्णांना नावाशी काही देणंघेणं नव्हतं.

"तेलात टाकल्यावर हे तेलाच्या आत व्हायचं," ते अंधारात म्हणाले. "त्यामुळे कधी दिसलं नाही."

खालून आईने तिसऱ्यांदा हाक मारली. अण्णांनी डिमरस्टॅटवरचा माझा हात बाजूला केला आणि खटका स्वतः ओढला.